पडलेल्या सायकलचा कार्बन हँडलबार: सिंहगडाला न्यावा का?

सेकंडहँड कार्बन रोड बाईक घेतलीत, खडकवासल्याजवळ गतिरोधकावर पडलात, हँडलबारवर नखाएवढा चरा आलाय, दुकानदार म्हणतो ‘काही होत नाही’ आणि रविवारी सिंहगड चढायचाय. माझं उत्तर: या हँडलबारवर जाऊ नका.

चऱ्यापेक्षा काळजी आतली आहे. कार्बनचे धागे रेझिनमध्ये, म्हणजे गोंदासारख्या घट्ट होणाऱ्या राळेत, थरावर थर बसवलेले असतात. आपटल्यावर ते थर आतल्या आत सुटू शकतात, वरचा रंग मात्र शाबूत राहू शकतो. अ‍ॅल्युमिनियम बहुधा वाकतं, पोचा पडतो, निदान दिसतं. कार्बन वाकून राहत नाही, एकदम तुटतो. फ्रेमच्या मागच्या नळीला तडा गेला तर बऱ्याचदा कुरकुर ऐकू येते, थांबायला वेळ मिळतो. हँडलबार किंवा फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) स्टीअरर ट्यूब, म्हणजे फ्रेममधून वर हँडलकडे जाणारी नळी, उतारावर तुटली तर सायकल सावरायलाच काही उरत नाही. म्हणून फ्रेमवरच्या चऱ्याला मी जेवढी सवलत देईन, तेवढी या दोन भागांना देणार नाही.

नाण्याने टकटक करून बघा, असं कुणीतरी सांगेलच. खणखणीत आवाजात एके जागी भद्द वाजलं तर तो भाग बाद समजा. पण भद्द वाजलं नाही म्हणून भाग सुखरूप ठरत नाही. स्टेम (हँडलबारला स्टीअरर ट्यूबशी जोडणारा भाग) आणि ब्रेक लिव्हरच्या पकडीखाली नाणं पोचतच नाही, आणि आधीच्या मालकाने बोल्ट जास्त आवळले असतील तर इजा नेमकी तिथेच असते.

फक्त कार्बनलाच दोष देऊ नका. 2006 च्या पॅरिस-रूबे या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीत अमेरिकी सायकलपटू जॉर्ज हिन्कापीची स्टीअरर ट्यूब तुटली, ती अ‍ॅल्युमिनियमची होती. त्याच शर्यतीत तो आधी पडला होता. त्यामुळे तुमच्या सायकलचं स्टेम काढून स्टीअररही तपासून घ्या. स्टीअररच्या आतला कॉम्प्रेशन प्लग (नळीला आतून आधार देणारी गुडदी) स्टेमच्या पकडीच्या उंचीवरच बसलेला हवा.

नवा हँडलबार अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, वजनात फरक 100 ग्रॅमच्या आसपास पडेल. स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकंच, बहुधा 5 न्यूटन मीटर, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) आवळायला लावा. हाताच्या अंदाजावर सोडू नका. पुढेमागे कार्बन बसवलात तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट लावा, तिच्या कणांमुळे कमी आवळूनही पकड बसते.

रिमही कार्बनच्या आणि ब्रेक रिमवरचे असतील तर गड उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. रिम तापून रेझिन मऊ पडतं आणि ट्यूबमधली हवा रिमच्या कडा बाहेर ढकलते. थोडा वेळ जोरात दाबा, मग सोडा.

जुना हँडलबार भंगारात देण्याआधी करवतीने मधोमध कापा, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या सायकलला लागणार नाही. कापताना मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना वाईट.