फुटून निघण्याचा हक्क : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत लोकसमूहांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केलेला आहे. असे असताना २०१७ मध्ये स्पेनमधील कॅटलोनियाने सार्वमत घेऊन स्वातंत्र्य जाहीर केले, ते बेकायदा कसे ठरले? पूर्व तिमोरला एक न्याय आणि कॅटलोनियाला दुसरा, हा दुटप्पीपणा नव्हे काय?
— राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : दुटप्पीपणा आहे, पण आपण दाखवता त्या ठिकाणी नाही. सनद लिहिली ती राज्यांच्या सरकारांनी, आणि स्वतःचाच मुलूख तोडून देण्याची तरतूद कोणतेही सरकार आपल्या हाताने लिहीत नाही. डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल, अमेरिका यांच्यासह नऊ देश तटस्थ राहिले. या ठरावाचे दुसरे कलम सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असे सांगते, आणि चारच कलमे पुढे सहावे कलम बजावते की एखाद्या देशाची राष्ट्रीय एकता किंवा प्रादेशिक अखंडता अंशतः वा पूर्णतः मोडण्याचा प्रयत्न सनदेशी विसंगत आहे. पुढे १९६६ च्या दोन्ही मानवी हक्क करारांच्या पहिल्याच कलमात हा हक्क आला. त्या करारांत १९७९ मध्ये सामील होताना भारताने लेखी निवेदन जोडले की हा हक्क परकीय अंमलाखालील लोकांपुरता आहे, सार्वभौम देशातील एखाद्या गटाला तो लागू नाही. फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी या निवेदनावर हरकत घेतली; मात्र आपल्या देशातील एखाद्या प्रदेशाने फुटून जावे, असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटत नव्हते.

पूर्व तिमोर ही पोर्तुगालची वसाहत. इंडोनेशियाने १९७५ मध्ये ती लष्करी बळावर घेतली आणि संयुक्त राष्ट्रांनी तो कब्जा कधीच मान्य केला नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये तिथे मतदान झाले आणि ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियांतर्गत स्वायत्तता नाकारून स्वातंत्र्याची वाट मोकळी केली. ही वसाहतमुक्तीची सरळ वाट होती. कॅटलोनियाला मात्र स्वतःचे विधिमंडळ आहे, स्वतःचे पोलीस दल आहे, माद्रिदच्या संसदेत तिचे प्रतिनिधी बसतात; तेव्हा देशाच्या आत राहून आपला कारभार ठरवण्याचा हक्क तिला मिळालेला आहे, असा कायद्याचा रोख असतो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताच्या प्रश्नावर १९९८ मध्ये दिलेले मत या बाबतीत सर्वांत स्वच्छ आहे. वसाहतीतील लोक आणि परकीय जाचाखालील लोक यांना फुटून निघण्याचा हक्क आहे. ज्यांना देशाच्या कारभारात अर्थपूर्ण स्थानच नाकारले जाते, अशा तिसऱ्या प्रकारच्या समूहाला तो आहे की नाही हे अनिश्चित आहे. आणि क्वेबेक या तिन्हींत बसत नाही, असे न्यायालयाने सांगितले. १९७० च्या निवडणुकीत साऱ्या पाकिस्तानात स्पष्ट बहुमत मिळवूनही ज्यांना सत्ता न देता ज्यांच्यावर लष्कर सोडले गेले, त्या पूर्व बंगालची गोष्ट या तिसऱ्या प्रकारात मोडते, असे माझे मत आहे.

दुटप्पीपणा खरा दिसतो तो मान्यता देताना. कोसोव्होने फेब्रुवारी २००८ मध्ये सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये दहा विरुद्ध चार मतांनी एवढेच सांगितले की ती घोषणा करण्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही. कोसोव्होला तसा हक्क होता काय, हे कोणी विचारले नव्हते आणि न्यायालयानेही ते आपणहून सांगितले नाही. अमेरिकेने मान्यता देतानाच कोसोव्हो हा अपवाद मानावा असे म्हटले, तर रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेताना त्याचाच दाखला दिला आणि कोसोव्होला मान्यता मात्र आजही दिलेली नाही. स्पेननेही ती दिलेली नाही. कॅटलोनिया डोळ्यांसमोर असल्यामुळे का होईना, पण त्याच्या भूमिकेत निदान सुसंगती आहे. तेव्हा कॅटलोनियाचे पाऊल बेकायदा ठरले ते स्पेनच्या राज्यघटनेनुसार, कारण तिचे दुसरे कलम राष्ट्राची एकता अविभाज्य मानते. आंतरराष्ट्रीय कायदा अशा एकतर्फी फुटण्याला हक्क म्हणून उचलून धरत नाही आणि त्यावर सरसकट बंदीही घालत नाही.

प्रश्न : स्वातंत्र्य हाच ज्या पक्षाचा कार्यक्रम आहे तो निवडणूक जिंकला, तर जनतेने कौल दिलाच ना? मग वेगळ्या सार्वमताची अट कशासाठी? उलट बाजूने असेही दिसते की हे पक्ष मागणी जिवंत ठेवूनच जगतात. यातले खरे काय मानावे?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : आपल्या प्रश्नाचे दोन्ही भाग परस्परांना काटशह देतात, आणि दोन्ही बऱ्याच अंशी खरे आहेत.

मतदार एखाद्या पक्षाला निवडतो तेव्हा शाळा, दवाखाने, कर, आधीच्या सरकारवरचा राग अशा कितीतरी गोष्टी एकाच शिक्क्यात मिसळलेल्या असतात. स्कॉटिश नॅशनल पार्टीला २०११ मध्ये एडिनबरोच्या १२९ जागांच्या विधिमंडळात ६९ जागा मिळाल्या. तीन वर्षांनी सार्वमत झाले तेव्हा स्वातंत्र्याच्या बाजूने ४४.७ टक्केच मते पडली. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत झालेल्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत हाच हरलेला पक्ष स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा घेऊन गेला, आणि २०२४ मध्ये नऊ जागांवर आला. या पडझडीत पक्षाचे स्वतःचे घोटाळे आणि नेतृत्वबदल यांचा वाटा मोठा होता. स्वातंत्र्याचे समर्थन त्या प्रमाणात मुळीच घसरले नाही. पक्षाचा आलेख आणि मागणीचा आलेख एकच समजणे किती चुकीचे आहे, हे यावरून दिसते. कॅटलोनियात सप्टेंबर २०१५ ची निवडणूक स्वातंत्र्यवादी पक्षांनी ‘हेच सार्वमत’ असे जाहीर करून लढवली. त्यांना १३५ पैकी ७२ जागा मिळाल्या, पण मते ४७.८ टक्के. जागा मोजल्या तर जिंकले, मते मोजली तर हरले. आणि ज्याने त्याने आपल्या सोयीचा आकडा उचलला.

याहून बोलके उदाहरण चेकोस्लोव्हाकियाचे. जून १९९२ च्या निवडणुकीत चेक भागात व्हात्स्लाव्ह क्लाउस यांचा पक्ष आणि स्लोव्हाक भागात व्लादिमीर मेचियार यांचा पक्ष पुढे आला. एकाला आर्थिक सुधारणा झपाट्याने हव्या होत्या, तर दुसऱ्याला प्रागचा हात सैल व्हायला हवा होता, आणि सामायिक सरकार चालवण्यापेक्षा स्वतंत्र घर करणे दोघांनाही सोपे वाटले. सार्वमताची मागणी झाली, त्यासाठी सह्या गोळा झाल्या, जनमत चाचण्यांत फाळणीला बहुमत दिसत नव्हते. तरीही १ जानेवारी १९९३ रोजी एका देशाचे दोन देश झाले. रक्त सांडले नाही म्हणून या फाळणीचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे, पण लोकांना विचारलेच गेले नाही ही गोष्ट त्या कौतुकात झाकली जाते.

मागणीवर जगणाऱ्या पक्षांबद्दल आपण म्हणता ते पुष्कळदा खरे असते. मागणी पूर्ण झाली तर पक्षाचे कामच संपते, आणि ती सोडली तर पायाखालची वाळू सरकते. म्हणून ती टांगती ठेवून दरम्यान सौदे करणे हा सोयीचा मार्ग ठरतो. स्पेनमध्ये जुलै २०२३ च्या निवडणुकीनंतर पेद्रो सांचेझ यांना सरकार बनवण्यासाठी कॅटलान पक्षांच्या मतांची गरज पडली. यांपैकी ‘जुन्त्स’ या पक्षाचे सातच खासदार होते, पण त्यांच्यावाचून गाडे पुढे सरकत नव्हते. त्या पाठिंब्याची किंमत म्हणून आलेला, स्वातंत्र्याच्या चळवळीत खटले झालेल्यांना माफी देणारा कायदा मे २०२४ मध्ये १७७ विरुद्ध १७२ मतांनी संमत झाला. माद्रिदच्या विरोधकांनी याला देश विकणे म्हटले. मला ते तसे वाटत नाही; तुरुंग आणि परागंदा नेते यांच्यापेक्षा संसदेतली घासाघीस केव्हाही बरी. पण हा कायदा सांचेझ यांना ती सात मते लागली नसती तर आला असता, असे मानण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. त्याच महिन्यात कॅटलोनियातील निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांचे बहुमत गेले, हेही लक्षात घ्यावे.

मागणी सोडूनही पक्ष जगतो, याचा दाखला द्रविड मुन्नेत्र कळघमचा आहे. अण्णादुराई १९६२ मध्ये राज्यसभेत द्रविडनाडूच्या स्वयंनिर्णयाची भाषा करीत होते. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवारांना देशाच्या सार्वभौमत्वाची आणि अखंडतेची शपथ बंधनकारक केली, आणि त्या सुमारास पक्षाने ही मागणी बाजूला ठेवली. चार वर्षांनी तोच पक्ष मद्रास राज्यात सत्तेवर आला. श्रेय केवळ शपथेला देणारे लोक चीन युद्धानंतरचे वातावरण आणि भाषेच्या प्रश्नावर पक्षाला मिळालेले मोकळे मैदान विसरतात. राज्याच्या आत हवे ते बरेच मिळवता येते असे दिसले, म्हणून बाहेर जाण्याची निकड उरली नाही.

प्रश्न : सार्वमतात निम्म्यांहून एक मत जास्त मिळाले की पुरे, की मोठे बहुमत हवे?
— एक वकील वाचक

उत्तर : आकड्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो तिसरा आहे. मत कोणी द्यायचे आणि प्रश्न काय विचारायचा, हे त्याआधी ठरावे लागते आणि घोडे बहुधा तिथेच पेंड खाते.

न्यू कॅलेडोनिया हे पॅसिफिकमधील फ्रेंच बेट पाहा. तिथले मूळ रहिवासी कनाक हे एकूण लोकसंख्येत निम्म्याहून कमी आहेत, कारण फ्रान्समधून आणि अन्य बेटांवरून लोक येऊन वसत गेले. म्हणून १९९८ च्या नुमेआ करारात मतदारयादीवर निर्बंध घातले गेले आणि नंतर आलेल्यांना स्थानिक मतदानातून वगळले गेले. अशाच निर्बंध असलेल्या यादीवर तीन सार्वमते झाली. स्वातंत्र्याच्या विरोधात २०१८ मध्ये ५६.७ टक्के आणि २०२० मध्ये ५३.३ टक्के मते पडली. कोविडच्या साथीत कनाकांच्या घरांत सुतक असताना २०२१ चे मतदान पुढे ढकलावे, अशी स्वातंत्र्यवाद्यांची विनंती पॅरिसने मानली नाही. त्यांनी बहिष्कार घातला, मतदान ४४ टक्क्यांवर थांबले आणि ‘नको’ला ९६.५ टक्के मिळाले. ९६.५ हा तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा आणि सर्वांत पोकळही तोच. पुढे मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने स्थानिक निवडणुकांची यादी खुली करण्याचे विधेयक पुढे रेटले तेव्हा बेटावर दंगली उसळल्या आणि आणीबाणी लावावी लागली. सार्वमताची तारीख कोठेच नव्हती. भांडण होते ते यादीत नाव कोणाचे असावे यावर.

उलट स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना मत दिले गेले. तिथे राहणाऱ्या पोलिश किंवा भारतीय नागरिकाला २०१४ मध्ये मत होते, सोळा वर्षांच्या मुलालाही होते, पण ग्लासगोत जन्मून लंडनला स्थायिक झालेल्याला नव्हते. दोन्ही पद्धतींचे समर्थन करता येते. मात्र ती पद्धत मतदानाआधी दोन्ही बाजूंनी मान्य केलेली असली पाहिजे.

प्रश्नाच्या शब्दांचेही तसेच आहे. ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा याच्याशी आपण सहमत आहात काय?’ असे स्कॉटिश सरकारला विचारायचे होते. निवडणूक आयोगाने लोकांवर चाचणी घेऊन सांगितले की ‘सहमत’ म्हटल्याने मतदार होकाराकडे झुकतो. तो भाग गाळला गेला आणि ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा काय?’ एवढाच प्रश्न उरला. क्वेबेकमध्ये १९९५ चा प्रश्न मात्र कॅनडापुढे ठेवायच्या नव्या भागीदारीचा प्रस्ताव, एक विधेयक आणि १२ जूनचा एक करार या साऱ्यांना कवेत घेणारा होता, त्यामुळे ‘हो’ म्हटल्यावर पासपोर्ट कॅनडाचाच राहील असे अनेकांना वाटत होते. निकाल लागला ५०.५८ विरुद्ध ४९.४२. फरक चोपन्न हजारांच्या घरात, आणि बाद मते ८६ हजारांहून अधिक! त्याच सुमारास उत्तर क्वेबेकमधील क्री आदिवासींनी स्वतःचे वेगळे मतदान घेऊन ९६ टक्क्यांनी सांगितले की आम्हाला कॅनडातून बाहेर नेऊ नका. क्वेबेकला कॅनडापासून वेगळे होता येत असेल, तर क्रींना क्वेबेकपासून का नाही, याचे पटणारे उत्तर क्वेबेकच्या नेत्यांपाशी तेव्हा नव्हते.

आता आकडा. सर्बियाशी जोडलेल्या माँटेनेग्रोच्या २००६ च्या सार्वमतासाठी युरोपीय संघाने ५५ टक्क्यांची अट सुचवली आणि ती दोन्ही पक्षांनी आधी मान्य केली. होकाराला ५५.५ टक्के मिळाले, म्हणजे उंबरठा ओलांडला तो जेमतेम दोन हजार मतांनी. तरी सर्बियाने निकाल स्वीकारला. कॅरिबियनमधील नेव्हिस बेटाने १९९८ मध्ये सेंट किट्सपासून वेगळे होण्यासाठी मतदान घेतले, ६२ टक्क्यांच्या आसपास लोक ‘हो’ म्हणाले, पण घटनेची अट दोन तृतीयांशांची असल्यामुळे बेट जिथे होते तिथेच राहिले. अशा निर्णयाला साध्या बहुमतापेक्षा अधिक काही हवे, असे मला वाटते, कारण तो पाच वर्षांनी फिरवता येत नाही. पण ही अट निकाल दिसू लागल्यावर घातली तर ती फसवणूकच होय.

प्रश्न : घटनेतच फुटून निघण्याची तरतूद करून ठेवली तर असले तंटे मिटणार नाहीत काय?
— नाव न देणारे एक वाचक

उत्तर : नुसत्या तरतुदीने मिटत नाहीत. सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या घटनेतील ७२ व्या कलमाने प्रत्येक प्रजासत्ताकाला बाहेर पडण्याचा हक्क दिला होता, पण त्याची रीत सांगणारा कायदाच नव्हता. मार्च १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि त्यानंतर एप्रिलमध्ये मॉस्कोने घाईघाईने तो केला. त्यात दोन तृतीयांश मतांची आणि पाच वर्षांपर्यंतच्या संक्रमणकाळाची अट घातली. इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेतील ३९ वे कलमही हा हक्क देते, तरी २०२० मध्ये टिग्रेमध्ये युद्ध पेटलेच. नेव्हिसमध्ये ही तरतूद चालली, कारण तिथे हक्काबरोबर रीतही लिहिलेली होती आणि हरलेल्या बाजूला पुन्हा प्रयत्न करण्याची वाट मोकळी होती.