गरीचा नाद किती?

प्रश्न : आमचे हे गरीने मासे पकडायला रोज रात्री समुद्रकाठच्या खडपावर (खडकांवर) जातात. कामावर खाडे, नव्या रीळसाठी उसनवारी. हा छंद की व्यसन? – एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, नुसतं जागरण हे लक्षण नव्हे, उसनवारी, लपवाछपवी आणि ठरवूनही थांबता न येणं, ही आहेत. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. तिच्यामागे धावणाऱ्याची झोपही रोज सरकते, म्हणून चिडचिड. गरी लपवू नका. नवी येईल, तीही चोरून. चार आठवडे तास, खर्च, खाडे त्यांनाच कॅलेंडरवर लिहू द्या. मग सोयीच्या भरतीचे आठवड्याला दोनच दिवस ठरवा, तेही सोबतीने. ओल्या शेवाळावर एकट्याचा पाय घसरला तर हाक कोण ऐकणार? एवढंही पाळता आलं नाही, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला 14416 वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.