चुकारे, ताळेबंद आणि मुलाखती : एका प्रश्नासाठी दोन पद्धती

प्रश्न : मी अमळनेरची असून एम.कॉम. झाले आहे. खानदेशातील कापूस उत्पादक शेतकरी कंपन्यांच्या हिशेबांवर मला पीएच.डी. करायची आहे. एक प्राध्यापक केवळ ताळेबंदांचे विश्लेषण करा म्हणतात, दुसरे मुलाखती सुचवतात. दोन्ही केल्यास प्रबंध विस्कळीत होईल का?

उत्तर : दोन्ही पद्धती एकाच प्रश्नाला लावल्या तर होणार नाही, आकड्यांचे एक प्रकरण आणि मुलाखतींचे दुसरे, एवढीच मांडणी केली तर मात्र निश्चित होईल. म्हणून ‘आर्थिक कामगिरी’ असा ऐसपैस विषय न घेता ‘शेतकरी सभासदांना कापसाचे चुकारे, म्हणजे कंपनीला दिलेल्या मालाचे पैसे, किती दिवसांत मिळतात आणि का’ एवढाच प्रश्न घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम या कंपन्यांची वार्षिक वित्तीय पत्रके मिळवा. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल झालेली पत्रके शुल्क भरून पाहता येतात. त्यांवरून देणी फेडण्यास लागणारे सरासरी दिवस काढा आणि ज्यांचे दिवस फार कमी किंवा फार जास्त आहेत, अशा मोजक्या कंपन्या मुलाखतींसाठी निवडा. सभासद अहिराणीत बोलत असतील तर उत्तरे अहिराणीतच टिपून ठेवा, कारण ‘पैसे अडकले’ आणि ‘पैसे बुडाले’ यांतील अंतर भाषांतरात सहज हरवते.

काही ठिकाणी ताळेबंदात देणी अल्प दिसतील आणि सभासद मात्र पैसे उशिरा मिळाल्याचे सांगतील. अशा वेळी कोणालाही खोटे ठरवण्याची घाई करू नका. ताळेबंद ३१ मार्च या एकाच दिवसाची स्थिती सांगतो, तर कापसाची मोठी आवक हिवाळ्यात होते. डिसेंबरात रखडलेले चुकारे फेब्रुवारीत दिले गेले, तर त्या दिरंगाईची खूण वर्षअखेरच्या आकड्यात उरत नाही. मग खतावणी (प्रत्येक खात्याच्या नोंदींची वही) उघडून खरेदी पावतीची तारीख आणि बँकेतून रक्कम गेल्याची तारीख जुळवून पाहावी लागते. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचे खरे मोल याच जुळवणीत असेल.

सांगितलेले कागदांशी जुळवून पाहण्याची ही सवय लेखापरीक्षणातही आहे. पुराव्यांविषयीच्या लेखापरीक्षण मानक ५०० नुसार केवळ विचारणा हा सहसा पुरेसा पुरावा ठरत नाही. तिच्या जोडीला कागदपत्रांची तपासणी आणि इतर पुरावे लागतात. त्यामुळे पुढे अध्यापनाऐवजी अंतर्गत लेखापरीक्षणाकडे वळलात, तरी हे शिक्षण उपयोगी पडेल.

संशोधन आराखडा सादर करण्यापूर्वी किमान दोन कंपन्यांकडून खतावणी पाहण्याची लेखी परवानगी घ्या. ती मिळाली नाही, तर प्रश्न तेव्हाच बदला.