वाचकांचे प्रश्न: रचना, संरचना, स्ट्रक्चर

प्रश्न : इमारतीची संरचना, रेणूची संरचना, वाक्यरचना, प्रोग्रॅममधलं ‘स्ट्रक्चर’. सगळीकडे अर्थ एकच आहे, की प्रत्येक विषयाचा निराळा?

उत्तर : गाभा एकच. घटक कोणते आणि किती, हा झाला सामानाचा हिशेब. ते एकमेकांशी कसे जोडलेत, ही रचना. सामान तेवढंच ठेवून जोडणी बदलायची. गुण बदलला, तर तो रचनेचा.

रसायनात हे सर्वांत लख्ख दिसतं. २ कार्बन, ६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन घ्या. ऑक्सिजन एका कार्बनच्या आणि हायड्रोजनच्या मध्ये बसला, की इथेनॉल : ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव. तोच दोन कार्बनांच्या मध्ये बसला, की डायमिथाइल ईथर. तो उणे २४ अंशांनाच उकळतो, म्हणजे खोलीत वायूच असतो.

बांधकामात मात्र अर्थ आवळला जातो. भार वाहतो तेवढाच भाग ‘स्ट्रक्चर’. स्लॅबचं वजन तुळईवर, तिथून खांबावर, पायात, शेवटी जमिनीत. आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) सांगाड्यातली विटांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते; भारवाही भिंतींच्या घरात मात्र भिंत हीच रचना. म्हणून भिंत पाडायची तर नुसती जाडी मोजून भागत नाही, तिच्यावर काय टेकलंय ते वरच्या मजल्यापर्यंत पाहावं लागतं. (आडोशाची भिंतही भूकंपात आडवा जोर घेते, तेव्हा तीही विचारल्याशिवाय पाडू नये.)

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘स्ट्रक्चर’ म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र ठेवायचा साचा. त्यात एक बाइटचं (बाइट हे संगणकातल्या जागेचं माप) अक्षर, चार बाइटांचा पूर्णांक आणि पुन्हा एक अक्षर ठेवलं, तर बेरीज ६, पण बहुतेक संगणकांवर जागा लागते १२ बाइट. पूर्णांक मेमरीतल्या चाराच्या पटीतल्या पत्त्यावर बसवला जातो, म्हणून त्याच्याआधी तीन बाइट रिकामे सुटतात आणि शेवटी आणखी तीन. पूर्णांक पहिला लिहा, काम ८ बाइटांत होतं. ही पोकळी लक्षात न घेता असा साठा जसाच्या तसा फाइलमध्ये लिहिला, तर वेगळ्या मांडणीचा प्रोग्रॅम ती वाचताना भलतेच आकडे दाखवतो.

व्याकरणातली रचना तर कागदावर दिसतही नाही. ‘जुन्या वह्या आणि पाट्या’ : पाट्या जुन्या की नव्या? शब्द तेच, क्रमही तोच, पण ‘जुन्या’ची पकड कुठवर, यावर दोन रचना होतात.

प्रश्न : मग मराठीत कुठला शब्द कुठे वापरावा?

उत्तर : ‘रचना’ सर्वांत ऐसपैस, तीत रचण्याची क्रियाही येते. ‘संरचना’ ही शास्त्राची परिभाषा, घरगुती मजकुरात ती उगाच जड वाटते. ‘बांधणी’त कारागिरी दिसते, जसं पुस्तकाची बांधणी. कार्यालयातल्या मंजूर पदांच्या मांडणीला सरकारी भाषेत ‘आकृतिबंध’ म्हणतात. आणि बांधकामावरची माणसं सरळ ‘स्ट्रक्चर’ म्हणतात; त्यांच्याशी बोलताना तेच म्हणावं.