वाचकांचे प्रश्न : तोडूनही टिकणारे रान

प्रश्न : इंग्लंडमधील काही राने शेकडो वर्षे नेमाने तोडली जात असूनही आज शाबूत आहेत, असे वाचनात आले. आमच्याकडे उतरण एकदा बोडकी झाली की नुसता जांभा दगड उरतो. तिकडे हे कसे साधले, आणि कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या अंगाला असलेल्या आमच्या साग-किंदळीला तीच रीत लावता येईल का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. सफोकमधील ब्रॅडफिल्ड वुड्स या रानात निदान १२५२ पासून अशी तोड होत आली आहे. त्या काळी ते बरी सेंट एडमंड्सच्या मठाच्या मालकीचे होते. हेझल, ॲश, ओक अशी पानझडी झाडे तेथे हिवाळ्यात जमिनीलगत तोडतात, पण मुळांना हात लावत नाहीत. त्यामुळे वसंतात त्याच खोडातून धुमाऱ्यांचा झुबका उठतो आणि मुळांचा पसारा तयारच असल्याने ते बियांपासून उगवलेल्या रोपापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतात. हेझलचे फोक सात ते दहा वर्षांत कुडाला व कुंपणाच्या ताट्यांना उपयोगी पडतात. रानाचे भाग पाडून दरवर्षी एकाच भागाची तोड केली जाई, म्हणून सगळे रान एका वेळी कधीच उघडे पडत नसे.

खरी मेहनत तोडीनंतरची होती, आणि आपल्याकडे नेमकी तीच राहून जाते. कोवळे फुटवे हरणांनी व गुरांनी खाऊ नयेत म्हणून रानाभोवती मातीचे बांध व चर असत. त्यांच्या खुणा आजही दिसतात. आठव्या हेन्रीच्या १५४३ च्या कायद्याने तोडलेल्या रानात दर एकरी बारा मोठी झाडे राखणे आणि फुटवे वर येईपर्यंत गुरांना मज्जाव करणे बंधनकारक केले होते.

वेल्समध्ये ओकची साल चामडे कमावणाऱ्यांकडे जाई आणि लाकडाचा कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांना लागे. पुढे रेल्वेने दगडी कोळसा गावोगाव पोहोचवला, सरपणाची मागणी घटली आणि विसाव्या शतकात कित्येक जुन्या रानांत सूचिपर्णी झाडे लावण्यात आली. तोड थांबलेली रानेही दाट व अंधारी झाली, आणि उघड्या, उन्हाच्या जागेवर जगणारी फुलपाखरे तेथून हटली. कुऱ्हाड थांबल्यानेही रानाचे नुकसान होऊ शकते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता आपल्या जागेविषयी. साग आणि किंदळ दोन्ही खोडातून चांगली फुटतात. परंतु तिकडचा संथ पाऊस आणि आपल्या सत्तरी तालुक्यातला पावसाळा यांत मोठा फरक असल्याने उतरणीवरची सलग तोड कृपया टाळावी. उताराला आडव्या अशा अरुंद पट्ट्यांत, एका वेळी एकच पट्टा घ्यावा आणि मधली मोठी झाडे राखावीत. देवराईला मात्र ही रीत लावू नये. गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागेल. तोड पावसाळ्यापूर्वी, धारदार हत्याराने, साल न फाटता करावी आणि काप थोडा तिरका ठेवावा, म्हणजे खोडावर पाणी साचत नाही. सागाच्या पानांना गुरे सहसा तोंड लावत नाहीत, पण त्यांच्या पायांखाली फुटवे मोडतात, तेव्हा कुंपण हवेच. पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक खोडावर जमिनीच्या अगदी जवळून निघालेले दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढून टाकावेत. वरून निघालेले फुटवे वाऱ्याने सहज निखळतात.