ऑस्ट्रेलियातल्या जुन्या चांदीच्या बिल्ल्याखाली पट्टीवर दोन तारे आहेत, ते कशाचे?

दुसऱ्या महायुद्धातला बिल्ला असेल, तर ज्या बाईला तो मिळाला तिच्या घरातले एकूण तिघे सैन्यात होते. खुद्द बिल्ला पहिल्याचा, आणि प्रत्येक तारा आणखी एकाचा. परदेशी आघाडीवर गेलेल्यांच्या आई किंवा बायकोला सरकार हा बिल्ला देई. मागची बाजू नीट पाहा, तिथे क्रमांक कोरलेला असतो.

मात्र बिल्ला पुरता ओळखल्याशिवाय तारे मोजू नका. ‘मदर्स अँड विडोज बॅज’, म्हणजे आई आणि विधवांसाठीचा, वेगळा बिल्लाही होता. त्यावर एक तारा म्हणजे एक मृत्यू.

सैनिकांच्या घरातल्या स्त्रियांना बिल्ला देण्याची ही पद्धत पहिल्या महायुद्धातली. तेव्हाच्या बिल्ल्यावर ‘ऑस्ट्रेलियाच्या स्त्रियांना, बजावलेल्या कर्तव्याबद्दल’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं आहेत. परदेशी लढायला सक्तीनं पाठवावं का, यावर १९१६ आणि १९१७ मध्ये तिथे मतदान झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. म्हणजे गेलेली मुलं आपणहून गेली होती, आणि एकवीस वर्षांखालच्यांना घरची संमती लागे. त्या कागदावर सही करणं आईला किती जड गेलं असेल! मला तरी हा बिल्ला कुठल्याही शौर्यपदकाइतकाच मोलाचा वाटतो.