दीर सुटून येतोय, घरात नऊ वर्षांची मुलगी आहे: काय करावं?

ताई, तुम्ही विचारलंय की पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, शिक्षा भोगून आलेला माणूस उपचाराने सुधारतो का, संशोधन काय सांगतं. पण खरा प्रश्न तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. सासूबाई म्हणतात, तो तुरुंगात देवाधर्माला लागलाय, रडून माफी मागतो, तर त्याला त्याच घरात घ्यायचं का? त्याचं उत्तर आधी देते. घेऊ नका. घरात तुमची मुलगी आहे आणि ज्या मुलीवर त्याने अत्याचार केला ती दोन घरं सोडून राहते. एवढं कारण पुरे. तो मनातून किती बदललाय, याचा निवाडा करायची तुम्हाला गरजच नाही.

मी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी होते, त्यातली बरीच वर्षं सोलापुरात. घरोघरी हेच पाहिलं की सगळे पश्चात्ताप मोजत बसतात. कॅनडात हॅन्सन आणि ब्युसिएर या संशोधकांनी १९९८ साली ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले. गुन्हा नाकारणं किंवा पीडितेबद्दल कळवळा नसणं, यांचा पुन्हा गुन्हा करण्याशी जवळपास संबंध आढळला नाही. म्हणजे रडणाऱ्याचा धोका कमी आणि न रडणाऱ्याचा जास्त, असं नसतं. संबंध आढळला तो मुलांबद्दलच्या लैंगिक ओढीचा, आधीच्या गुन्ह्यांचा, उपचार अर्धवट सोडण्याचा. चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेले सरासरी १३.४ टक्के होते. लोक समजतात त्यापेक्षा हा आकडा खूप कमी आहे, पण तो फक्त सापडलेल्यांचा आहे. मुलं बोलत नाहीत, घरचे दाबतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

उपचारांचं म्हणाल तर चित्र संमिश्र आहे. कॅलिफोर्नियात पुनरावृत्ती टाळण्याचं प्रशिक्षण चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना दिलं, काहींना नाही. २००५ साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांतल्या मोठ्या कार्यक्रमाचा अहवाल २०१७ मध्ये आला: कार्यक्रम घेतलेल्यांपैकी १०.० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, न घेतलेल्यांपैकी ८.० टक्क्यांनी. तो कार्यक्रम बंद झाला. दुसरीकडे श्मुकर आणि लोसेल यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा उपचार घेतलेल्यांत १०.१ आणि न घेतलेल्यांत १३.७ टक्के असं निघालं. उपयोग होतो, पण थोडा, आणि कोणत्याही उपचाराचा होत नाही. ज्याचा धोका जास्त त्याच्यावर जास्त मेहनत, आणि ज्या गोष्टी गुन्ह्याकडे नेतात नेमक्या त्यांवर काम, हे जिथे पाळलं गेलं तिथे फळ चांगलं दिसतं. तुमच्या दिराला तुरुंगात असं काही मिळालंय असं धरून चालू नका. सुटल्यावर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात त्याला तुमच्या मिस्टरांनी सोबत घेऊन जावं, आणि खरं कारण सांगून. ‘टेन्शन आहे’ सांगून गोळ्या आणण्यात अर्थ नाही.

या साऱ्यातून एक गोष्ट मात्र मला रोजच्या कामात उपयोगी पडली. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ॲलन मार्लाट यांनी मांडलं की पुन्हा घसरणं एका क्षणात होत नाही. त्याआधी छोटे छोटे निर्णय झालेले असतात, प्रत्येक निर्णय वरून साधा दिसणारा. हाच विचार पुढे लैंगिक गुन्ह्यांना लावला गेला. आपल्या घरात तो कसा दिसेल? एमआयडीसीतलं काम भांडून सोडलं. दिवसभर घरी, मोबाइलमध्ये डोकं. दुपारी तुम्ही दोघं कामावर, सासूबाई झोपलेल्या. मग ‘ट्यूशनला मी सोडतो की तिला’. मग जानेवारीत ‘गड्ड्याच्या जत्रेला पोरांना मी नेतो, तुम्ही दमलाय’. यातलं एकही वाक्य गुन्हा नाही, घरात कुणी टोकलं तर टोकणाराच वाईट ठरतो. म्हणून नियम आधीच ठरवायचा: कोणत्याही मुलाबरोबर तो एकटा नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. तो बरा वागत असला तरी.

पण त्याला वाऱ्यावर सोडा असंही मी म्हणत नाही. बेकार, बेघर, कुणाशी बोलणं नाही, असा माणूस जास्त धोकादायक होतो. १९९४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका पाद्र्याने सुटून आलेल्या एका माणसाभोवती चार-सहा स्वयंसेवक उभे केले. ते त्याला नियमित भेटायचे, कामाचं बघायचे आणि तोंडावर विचारायचे, आज कुठे होतास? ही पद्धत पुढे बऱ्याच देशांत गेली. तुमच्याकडे ते काम मिस्टर आणि एखादा विश्वासू नातेवाईक करू शकतात. गल्लीपासून लांब खोली, जिथे शेजारी शाळा नाही. काम. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भेट. भाडं सुरुवातीला भावाने भरावं, ते पैसे वाया जाणार नाहीत.

शेजारच्या कुटुंबाला तो सुटतोय हे आधी कळायला हवं. त्या मुलीने त्याला अचानक समोर पाहावं, हे मला सहन होत नाही. त्यांना भेटायला तुम्ही जा, सासूबाईंना पाठवू नका.

मुलीशी बोला, काकाचं नाव घेऊन घाबरवू नका. कुणीही, घरातलं माणूससुद्धा, अंगाला हात लावून ‘आईला सांगू नको’ म्हणालं तर ते लगेच आईला सांगायचं, आणि तुम्ही रागावणार नाही हा शब्द तिला द्या. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या. काही घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी साधार भीती वाटली, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘घरची गोष्ट’ म्हणून ते टळत नाही.

आणि सणांचं आजच ठरवून घ्या, कारण सगळे नियम तिथेच मोडतात. दिवाळीला सासूबाई म्हणतील, एक दिवस जेवायला येऊ दे. त्या दिवशी मिस्टरांनी आणि सासूबाईंनी फराळ, जेवण घेऊन त्याच्या खोलीवर जावं, तिथेच बसून त्याच्यासोबत खावं. तुम्ही आणि मुलगी घरी.